मिलानच्या गॅलरींतील आरसा

उत्तर इटलींतील मिलान शहरीं जाणाऱ्या प्रवाशाच्या यादींत बहुधा तीनच गोष्टी असतात. पहिली, सन १३८६ मध्यें आरंभ होऊन पुढें कित्येक शतकें ज्याचें काम चालू राहिलें तें संगमरवरी कॅथीड्रल. दुसरी, लिओनार्दो द विंची यानें एका मठाच्या भोजनगृहांतील भिंतीवर रंगविलेलें 'अंतिम भोजन' हें चित्र. आणि तिसरी, ज्यांतील मालाच्या किंमती वाचूनच आपल्याकडील गृहस्थानें मुकाट्यानें पुढें चालूं लागावें अशीं कपड्यांचीं व कातडी सामानाचीं दुकानें. या तिन्ही गोष्टी आम्हीं पाहिल्या, आणि पहिल्या दोहोंनीं आमचें पूर्ण समाधान झालें. परंतु आज वाचकांस सांगावयाची आहे ती चौथीच गोष्ट. ती आतां त्या ठिकाणीं राहिलेली नाहीं. तरी सन २०२० च्या जानेवारींत तेथें जें पाहिलें तें अद्याप मनांतून जात नाहीं, आणि दिवसेंदिवस तें आपल्या उंबरठ्याच्या अधिकच जवळ येत आहे असें वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वेळीं आमची पुतणी मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठांत वास्तुशास्त्राचा अभ्यास करीत होती. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयतां आठ दिवस तिच्याकडे राहावयास गेलों. पो नदीच्या सपाट खोऱ्यांत हिवाळ्यांत धुकें फार. सकाळचे नऊ वाजले तरी ट्रामचे दिवे लागलेलेच असावेत, आणि कॅथीड्रलच्या शिखरावरील मारियेची सोनेरी मूर्ति दुपारपर्यंत दृष्टीस पडूं नये, असे ते दिवस होते. अशा हवेंत मिलानकर लोक जेथें आसरा घेतात तें ठिकाण म्हणजे 'गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले'.

कॅथीड्रलच्या चौकाच्या उत्तर अंगास एक प्रचंड कमान आहे. तिच्यांतून आंत शिरलें म्हणजे मनुष्य रस्त्यावर असूनही छपराखालीं येतो. दोन रुंद रस्ते एकमेकांस छेदतात. दोहों बाजूंस सारख्या घाटाच्या उंच हवेल्या. आणि या सर्वांवर लोखंड व कांच यांचें आच्छादन. रस्ते मिळतात तेथें अष्टकोनी चौक असून त्यावर ४७ मीटर उंचीचा कांचेचा घुमट आहे. ज्युझेप्पे मेंगोनी या वास्तुविशारदानें हें काम सन १८६५ त सुरू केलें. १८६७ त राजाच्या हस्तें उद्घाटन झालें. परंतु प्रवेशाची कमान पुरी होण्यास १८७७ साल उजाडलें, आणि त्याच वर्षीं ३० डिसेंबर रोजीं परांचीवरून पडून मेंगोनीचा अंत झाला. आपल्या मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचें काम सुरू झालें तें पुढल्याच, म्हणजे १८७८ सालीं. लोखंड, कांच आणि आगगाडी यांच्या जोरावर सारें जग एका छपराखालीं आणूं अशी ज्या काळाची खात्री होती, त्या काळाचीं हीं दोन अपत्यें.

जमिनीवर रंगीत दगडांच्या तुकड्यांनीं इटलींतील शहरांचीं चिन्हें जडविलीं आहेत. त्यांत तुरीन शहराचा बैल आहे. त्याच्या एका विशिष्ट जागीं टांच रोवून गिरकी घेतली असतां दैव उघडतें अशी समजूत असून, टांचांच्या घर्षणानें त्या बिचाऱ्या बैलाच्या अंगास खळगा पडला आहे. सुधारलेल्या युरोपांत असल्या समजुती कशा, असें ज्यास वाटेल त्यानें आपल्या नंदीच्या कानांत सांगितलेलीं गाऱ्हाणीं आठवावींत. मान वर केली म्हणजे घुमटाच्या पायथ्याशीं चार अर्धवर्तुळाकार चित्रें दिसतात: युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका. मनुष्यजातीचे चार कप्पे पाडून ते आपल्या बाजारावर टांगण्यांत एकोणिसाव्या शतकाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. आमच्या पुतणीनें तिकडे बोट दाखविलें आणि ती म्हणाली, "काका, काकू, हे कप्पे पाहून ठेवा. आतां वर जाऊन याच्या पुढचे पाहूं."

याच गॅलरींत सन १९१३ मध्यें प्रादा या पेढीनें आपलें पहिलें दुकान मांडलें. पेढीच्या धन्यांनीं पुढें कलेसाठीं एक प्रतिष्ठान स्थापिलें, आणि त्या प्रतिष्ठानानें डिसेंबर २०१६ मध्यें येथील एका इमारतीच्या पांचव्या व सहाव्या मजल्यांवर छायाचित्रकलेचें दालन उघडलें. त्याचें नांव 'ओस्सेर्व्हातोरिओ', म्हणजे निरीक्षणगृह. नांव अन्वर्थक आहे. कारण खिडकीशीं उभें राहिलें म्हणजे तो कांचेचा घुमट अगदीं डोळ्यांसमोर येतो. आम्ही गेलों तेव्हां तेथें 'ट्रेनिंग ह्यूमन्स' नांवाचें प्रदर्शन भरलें होतें. १२ सप्टेंबर २०१९ ला तें सुरू झालें होतें व २४ फेब्रुवारी २०२० पर्यंत चालावयाचें होतें. तें मांडणारीं दोघें: केट क्रॉफर्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास करणाऱ्या विदुषी, आणि ट्रेव्हर पॅग्लेन हे अमेरिकन चित्रकार व छायाचित्रकार. विषय एकच: यंत्राला मनुष्य ओळखावयास शिकवितात तें कशाच्या आधारें?

यंत्र शिकतें म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. घरांतील लहान मुलाला आई खिडकीशीं नेते, 'तो काऊ, ती चिऊ' म्हणून दाखविते, आणि दहा-वीस वेळां दाखविल्यावर मूल पूर्वीं न पाहिलेल्या कावळ्यासही काऊ म्हणूं लागतें. संगणकाचें शिक्षण बरेंचसें याच मार्गानें चालतें. फरक इतकाच, कीं मुलाला दहा-वीस कावळे पुरतात, यंत्राला हजारों लागतात, आणि त्याला खिडकी नाहीं. त्याच्यापुढें चित्रांचे ढीग ठेवितात. प्रत्येक चित्राला एक शब्द चिकटविलेला असतो. चित्र व शब्द यांतील मेळ तें आंकडेमोडीनें शोधून काढतें, आणि नवें चित्र दिसतांच जुन्या मेळावरून शब्द उच्चारतें. तेव्हां ढीग कोणीं रचले व शब्द कोणीं चिकटविले यावर त्याचें सारें ज्ञान अवलंबून. एखाद्या आईनें घुबडास काऊ म्हटलें तर शेजारीण सुधारील. यंत्राला शेजारीण नाहीं. या प्रदर्शनांत भिंतींवर मांडले होते ते हे ढीगच.

आरंभ सन १९६३ पासून होता. वुडी ब्लेडसो नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें त्या सुमारास चेहरा ओळखण्याचे पहिले प्रयोग केले, आणि त्यांस पैसा पुरविला तो अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें. डोळ्यांचे कोपरे, नाकाचें टोंक, ओठांच्या कडा यांवर माणसानें खुणा करावयाच्या व अंतरें यंत्रानें मोजावयाचीं, अशी ती रीत होती. त्यापुढें १९९३ ते १९९६ या काळांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चानें जमविलेला 'फेरेट' नांवाचा संग्रह: १,१९९ व्यक्तींच्या १४,१२६ तसबिरी. त्याच्यापुढें, पोलिसांनीं अटकेच्या वेळीं काढलेल्या व आतां मृत झालेल्या लोकांच्या तसबिरींचा संग्रह. त्यांत एकच मनुष्य पुनःपुन्हा येतो. पहिल्या खेपेस तरुण, दुसऱ्या खेपेस पोक्त, तिसऱ्या खेपेस सुरकुतलेला. यंत्राला वाढतें वय शिकविण्यास यापरतें सोईचें साधन नाहीं. परंतु त्या मनुष्याच्या दृष्टीनें प्रत्येक तसबीर म्हणजे आयुष्यांतील एकेक वाईट दिवस होता. त्या भिंतीपुढें आमच्या सौभाग्यवती बराच वेळ उभ्या होत्या. "यांना कोणीं विचारलें तरी होतें का हो?" एवढेंच त्या म्हणाल्या. विचारलें नव्हतें, मेलेल्या माणसास विचारावें लागत नाहीं, हीच त्या संग्रहाची सोय.

एका बाजूस सन १९९० नंतरच्या दशकांत जपानांत तयार केलेला संग्रह होता: दहा स्त्रिया व त्यांच्या मुद्रांच्या २१३ तसबिरी. आनंद, दुःख, क्रोध, भय, आश्चर्य, किळस आणि सातवी निर्विकार अशी ही वांटणी. सर्व मनुष्यांच्या मूळ भावना सहा असून त्या चेहऱ्यावर सर्वत्र सारख्याच उमटतात, असें मत पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मांडलें होतें. त्यावरच असले संग्रह उभारले गेले आणि त्यांवर भावना ओळखणारीं यंत्रें. या मताविषयीं शास्त्रज्ञांतच पुष्कळ वाद आहे. आम्हांस मात्र तेथें आपला भरतमुनि आठवला. त्यानेंही स्थायीभाव मोजले, ते आठ. पण तेवढ्यावर न थांबतां तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, आणि विभाव-अनुभावांचा संयोग झाल्यावांचून रस नाहीं असें बजावलें. कोण, कोणासमोर, कोणत्या प्रसंगीं, हें न पाहतां नुसत्या भुंवईवरून मन वाचण्याचें धाडस नाट्याचार्यानें केलें नाहीं. तें अभियंत्यांनीं केलें.

आणि त्याच दिवशीं सकाळीं आम्ही 'अंतिम भोजन' पाहून आलों होतों. त्या भोजनगृहांत थोड्या थोड्या लोकांस मोजून पंधरा मिनिटें सोडतात. कारण लिओनार्दोनें ओल्या गिलाव्याऐवजीं सुक्या भिंतीवर रंग चढविल्यामुळें चित्र त्याच्या हयातींतच झडूं लागलें होतें. १९४३ सालच्या ऑगस्टांत बाँब पडून भोजनगृह कोसळलें, तरी वाळूच्या पोत्यांनीं झांकलेली ही भिंत उभी राहिली. पुढें १९७८ पासून १९९९ पर्यंत एकवीस वर्षें जीर्णोद्धाराचें काम चाललें. 'तुमच्यांतील एकजण माझा घात करणार आहे' असें ख्रिस्तानें म्हणतांच बारा शिष्यांवर जो परिणाम झाला, तो त्यांत आहे. कोणी उठून उभा राहिला आहे, कोणी हात पसरले आहेत, कोणी शेजाऱ्याच्या कानाशीं लागला आहे. विश्वासघातकी जुदास त्यांच्यांतच बसला आहे. आणि पैशाची पिशवी आवळणारा त्याचा हात पाहिल्यावांचून केवळ मुखावरून त्यास कोणी सहज निवडूं शकणार नाहीं. ज्या चित्रकारानें गुन्हेगारालाही इतरांच्याच पंक्तीस बसविलें, त्याच्याच शहरांत दुपारीं आम्ही चेहऱ्यांवरून माणसें निवडणारे संग्रह पाहत होतों.

आणखी एका संग्रहानें आम्हांस स्वतःकडे पाहावयास लाविलें. 'यू-टी-के-फेस' असें त्याचें नांव. वीस हजारांवर चेहरे, आणि प्रत्येकास तीन आंकडे: वय, लिंग व वंश. लिंगाचे आंकडे दोनच, शून्य आणि एक. वंशाचे पांच: शून्य म्हणजे गोरा, एक म्हणजे काळा, दोन म्हणजे आशियाई, तीन म्हणजे भारतीय, चार म्हणजे इतर. खालच्या घुमटावरील चार खंडांचे येथें पांच कप्पे झाले होते, आणि आम्ही कोणीं न विचारतां 'तीन' झालों होतों. काश्मीरच्या पंडितापासून कन्याकुमारीच्या कोळ्यापर्यंत सारे एकाच आंकड्यांत बसले, याचें एखाद्या राष्ट्रभक्तास समाधान वाटेल. परंतु ती एकी आपण घडविलेली नव्हे, दुसऱ्यानें मोजणीच्या सोईसाठीं केलेली होती.

प्रदर्शनाचा कळस म्हणजे 'इमेजनेट'. सन २००९ मध्यें अमेरिकेंतील प्राध्यापिका फेइ-फेइ ली व त्यांचे सहकारी यांनीं हा संग्रह जगापुढें मांडला. इंटरनेटवरून उचललेलीं एक कोटी चाळीस लाखांवर चित्रें, एकवीस हजारांवर सदरें. चित्रें पाहून ओळखण्याच्या कामीं यंत्रांनीं पुढें जी झेप घेतली ती मुख्यतः याच संग्रहावर. कुत्रीं, फुलें, खुर्च्या, तारवें यांचीं सदरें निरुपद्रवी आहेत. परंतु 'व्यक्ति' या सदराखालीं २,८०० हून अधिक पोटसदरें होतीं, आणि तीं वाचतांना अंगावर कांटा येतो. 'वाईट मनुष्य', 'चोरटा', 'अपेशी', 'वेडा', 'दुय्यम प्रतीचा', इतकेंच नव्हे तर 'अ-व्यक्ति' सुद्धां. पोहण्याच्या पोशाखांत हंसणाऱ्या एका स्त्रीच्या चित्रास 'गबाळी बाई' म्हटलें होतें; काळा चष्मा घातलेल्या एका लहान मुलास 'अपेशी, निकामी'. आपल्या बोलींत ज्याला 'घोडनवरी' म्हणतात त्या अर्थाचेंही एक सदर होतें. हे शब्द यंत्रानें शोधलेले नव्हते. प्रिन्स्टन विद्यापीठांत १९८५ पासून रचल्या गेलेल्या एका शब्दकोशांतून ते घेतले होते, म्हणजे लोकव्यवहारांत ते होतेच. कोशांत शब्द असणें निराळें, आणि तो कोणा जिवंत माणसाच्या कपाळीं चिकटविणें निराळें.

चिकटविलें कोणीं? आमच्या पुतणीनें सांगितलेली ही हकीकत मनोरंजक आहे. सन १७७० मध्यें व्हिएन्नाच्या दरबारीं मारिया थेरेसा राणीपुढें फोन केंपेलेन नांवाच्या एका सरदारानें बुद्धिबळें खेळणारा यांत्रिक तुर्क आणिला. तुर्कानें भल्याभल्यांस मात दिली. पण त्याच्या पेटींत एक हाडामांसाचा खेळाडू दडलेला असे. त्या वेळीं मिलानवर याच राणीची सत्ता होती, आणि गॅलरीच्या दुसऱ्या तोंडाशीं उभें असलेलें 'ला स्काला' हें जगप्रसिद्ध नाट्यगृहही तिच्याच आमदानींत, १७७८ त, उघडलें. तोच 'यांत्रिक तुर्क' अमेझॉन कंपनीनें २००५ सालीं एका सेवेस नांव म्हणून दिला. या सेवेंत जगभरचीं माणसें घरबसल्या चित्रांस नांवें देण्यासारखीं किरकोळ कामें थोड्या पैशांत करतात. इमेजनेटसाठीं १६७ देशांतील जवळजवळ पन्नास हजार माणसें या पेटींत बसलीं होतीं. आणि त्या सेवेवर राबणाऱ्यांत अमेरिकेच्या खालोखाल भरणा असे तो आपल्या भारतांतील मंडळींचा. ज्या हातांनीं माणसांच्या चित्रांवर हीं सदरें लाविलीं त्यांत आपल्याकडीलही हात होते, हें विसरून चालणार नाहीं.

प्रेक्षकास स्वतः अनुभव घेतां यावा म्हणून तेथें पडदे ठेविले होते. एकासमोर उभें राहिलें म्हणजे यंत्र आपलें वय, लिंग व भावना सांगे. मान किंचित् वळवितांच वय पालटे. दुसरा 'इमेजनेट रूलेट' नांवाचा, पॅग्लेन यांनीं व्यक्ति या सदरावर यंत्र पढवून सिद्ध केलेला. त्यापुढें उभें राहिलेल्या माणसाभोंवतीं एक चौकट उमटे व वर एक शब्द. आमच्यावर कोणते शब्द पडले ते येथें लिहीत नाहीं. चांगला शब्द पडला असता तरी तो तितकाच निराधार ठरला असता. परंतु पुढें उभीं असलेलीं माणसें हंसत हंसत पडद्यासमोर जात आणि शब्द वाचून कांहींशा ओढलेल्या चेहऱ्यानें परत येत, हें आम्हीं पुष्कळ वेळ पाहिलें. हाच खेळ सप्टेंबर २०१९ मध्यें इंटरनेटवर सर्वांस खुला होता. तेव्हां कित्येक कृष्णवर्णी लोकांस त्यानें सरळ 'अपराधी' म्हटलें होतें. त्याचा फार बभ्रा झाला, आणि इमेजनेटच्या चालकांनीं त्याच महिन्यांत मनुष्यांच्या चित्रांपैकीं जवळजवळ निम्मीं, म्हणजे सुमारें सहा लाख चित्रें संग्रहांतून काढून टाकीत असल्याचें जाहीर केलें. एका कलाकृतीनें इतकें प्रत्यक्ष काम केल्याचीं उदाहरणें विरळा.

'पण ही चित्रकला कसली?' अशी शंका आमच्या वडील वाचकांस येईल. रंग नाहीं, रेषा नाहीं, दुसऱ्यांनीं काढलेले फोटो भिंतीवर लाविले, झालें! आमचें उत्तर असें, कीं जी वस्तु डोळ्यांआड राहून आपल्यावर सत्ता चालविते ती डोळ्यांपुढें आणणें, हेंही चित्रकाराचें प्राचीन कर्तव्य आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार असून तो एका तज्ज्ञाकडूनच आला. जपानी स्त्रियांचा तो संग्रह तयार करणाऱ्यांपैकीं मायकेल लायन्स यांनीं २०२० त असा प्रश्न केला, कीं त्या स्त्रियांनीं आपल्या तसबिरी केवळ शास्त्रीय संशोधनास दिल्या असतां, संमतीचा कैवार घेणाऱ्यांनींच त्या विनासंमति प्रदर्शनांत कशा टांगल्या? हा प्रश्न रास्त आहे. आरसा दाखविणाराही आरशांत येतो.

तथापि आरशाची उपमाही पुरती लागू नाहीं. आरसा समोर असेल तें दाखवितो. यंत्र त्याला जें दाखविलें तेवढेंच पाहतें, आणि मग त्याच मापानें सर्वांस मापतें. सन २०१८ मध्यें जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या दोन विदुषींनीं चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रसिद्ध कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा घेतली. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतींत चुका शेंकडा ०.८ च्या वर गेल्या नाहींत. सांवळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतींत त्या शेंकडा ३४.७ पर्यंत पोहोंचल्या. सांवळ्या स्त्रियांशीं यंत्राचें वैर नव्हे. त्यांचीं चित्रें ढिगांत थोडीं होतीं, इतकेंच. पण 'इतकेंच' म्हणून ज्या गोष्टी सोडून दिल्या जातात त्यांनींच माणसांचीं आयुष्यें घडतात वा मोडतात.

हा व्यापार नवाही नाहीं. चेझारे लोम्ब्रोझो याचा 'गुन्हेगार मनुष्य' हा ग्रंथ १८७६ सालीं याच मिलान शहरीं छापला गेला. जबडा, कान व कपाळ पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखतां येतो असें त्यांत प्रतिपादन होतें. आपल्याकडे विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचीं छायाचित्रें १८६३ व १८६६ त दोन भागांत प्रसिद्ध केलीं. त्यांत माणसें एका ठिकाणीं टिपून त्यांच्यामागें दुसऱ्याच ठिकाणचा देखावा जोडला होता. पुढें १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाच्या रुंदीचें लांबीशीं प्रमाण काढून जातींची उच्चनीचता ताडण्याचा उद्योग केला. आणि त्यांच्या मापांत नाकें सरळ ठरलेल्यांनीं त्यावर फारसा आक्षेप घेतला नाहीं. सन १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें तर अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ त तो देशभर लागू झाला, सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत झाली, आणि १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला तरी कपाळावरचा तो शब्द अद्याप पुरता पुसला गेलेला नाहीं. कागदावरील सदर मनुष्यापेक्षां दीर्घायुषी असतें.

परत निघतांना आमच्या पुतणीनें जो प्रश्न केला तो या सर्वांहून अवघड होता. ती म्हणाली, "काकू, आपल्या घरचे सगळे जुने आल्बम यंत्राला दिले तर तें आपल्या घराबद्दल काय शिकेल?" आम्ही दोघें विचार करूं लागलों. आमच्या घरीं तीन पिढ्यांचे आल्बम आहेत. मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें, परदेशीं जाणाऱ्या मुलांस निरोप, सर्व त्यांत आहे. नाहीं ती आमची सोवळी आत्याबाई. जिनें चाळीस वर्षें स्वयंपाकघर संभाळलें, दोन पिढ्यांचीं बाळंतपणें केलीं, तिची एकही तसबीर नाहीं. कारण फोटो निघत ते शुभकार्याच्या दिवशीं, आणि शुभकार्याच्या दिवशीं ती माजघरांत असे. भांडीं घासणारी बाई नाहीं, पाणक्या नाहीं. मुलींच्या तसबिरी मुलांच्या निम्म्या, आणि त्यांतही उजळ मुलगी पुढें, सांवळी मागें. त्या आल्बमांवर पढलेलें यंत्र शपथेवर सांगेल, कीं या घरांत विधवा झाल्याच नाहींत, नोकर कधीं नव्हतेच, आणि मुली नेहमीं थोड्या होत्या. त्यांत एकही चित्र खोटें नसेल, आणि तरी सारें ज्ञान खोटें असेल. वधूवरांच्या जाहिराती त्यास वाचावयास दिल्या, तर 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' याखेरीज बायकांची जातच नाहीं असें तें समजेल. प्रदर्शनांतील ढीग परक्यांनीं रचले म्हणून आपल्याला ते दिसले; आपले ढीग आपल्या कपाटांत असतात.

एवढें सांगितल्यावर यंत्रें वाईट, तीं फेंकून द्या, असा अर्थ कोणीं घेऊं नये. हींच यंत्रें आज क्ष-किरणांच्या चित्रांतील रोग हुडकण्यास मदत करतात, अंधास समोरचा मजकूर वाचून दाखवितात. प्रश्न एवढाच, कीं माणसाला नोकरी द्यावी कीं नाहीं, कर्ज द्यावें कीं नाहीं, पोलिसानें हटकावें कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम त्यांजकडे देतांना त्यांनीं कोणते आल्बम पाहिले आहेत हें विचारण्याचा अधिकार आपण राखणार कीं नाहीं.

ज्यांस मिलानला जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठीं दोन शब्द. कॅथीड्रल, गॅलरी व निरीक्षणगृह हीं एकमेकांस लागून असून भुयारी रेल्वेच्या 'दुओमो' स्थानकावर उतरावें. 'अंतिम भोजना'चें तिकीट बरेच दिवस आधीं काढून ठेवावें. आयत्या वेळीं मिळणें कठीण. निरीक्षणगृहांतील प्रदर्शनें बदलत असतात. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळांत याच क्रॉफर्ड बाईंनीं व्लादान योलेर या सहकाऱ्यासह, सन १५०० पासून यंत्रें आणि सत्ता यांचे संबंध कसे वाढत गेले याचा २४ मीटर लांबीचा काळा-पांढरा नकाशा तेथें मांडला होता. आणि शाकाहारी मंडळींनीं एक लक्षांत ठेवावें: मिलानचा प्रसिद्ध केशरी भात दिसावयास थेट आपल्या केशरीभातासारखा असतो, परंतु मूळ रीतीप्रमाणें त्यांत बैलाच्या हाडांतील मगज व मांसाचा रस्सा घालतात. रंगावरून ओळख न ठरवितां वाढणाऱ्यास आधीं विचारावें.

घरीं आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं एक काम काढलें. आत्याबाईंची तसबीर नाहीं ती नाहींच. पण त्यांच्या आठवणी ज्यांस आहेत अशीं चार-पांच वृद्ध माणसें अद्याप आहेत. त्यांच्याकडून ऐकून, त्यांचें नांव, माहेर, त्या करीत असलेल्या पदार्थांच्या कृति आणि त्यांचे ठरलेले बोल, असें सर्व एका वहींत उतरवून ती वही आल्बमांच्याच कप्प्यांत ठेविली आहे. वाचकांच्या घरींही अशा आत्याबाई असतील. ज्यांना त्या आठवतात तीं माणसें आहेत तोंवर हें काम व्हावें.